एसओपी-८ ची क्लिप: तीनदा वाचलं, तीन वेगळ्या फाइली. भरवशाची कुठली घ्यावी?

गोलाईवाला (लातूर)

नमस्कार मंडळी. गंजगोलाईजवळ माझं लॅपटॉप-प्रिंटर रिपेअरिंगचं लहानसं दुकान आहे. बायोसची (लॅपटॉप सुरू करणारा पहिला प्रोग्राम, बोर्डावरच्या एका चिपमध्ये असतो) कामं दोन वर्षांपासून करायलोय, शिकलो ते व्हिडिओ बघून आणि गिऱ्हाइकांच्या बोर्डांवर. (हे शेवटचं गिऱ्हाइकांना सांगू नका.)

औशाच्या एका पोराचा लॅपटॉप आलाय. बायोस अपडेट चालू असताना लाइट गेली आणि बॅटरी आधीच मेलेली होती. आता पॉवरचा दिवा लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन काळी. बायोसची चिप विनबॉण्ड कंपनीची २५क्यू१२८, आठ पायांची, म्हणजे एसओपी-८. माझ्याकडं काळा सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप वाचायचं-लिहायचं यूएसबीचं यंत्र) आहे आणि त्याच्यासोबत आलेली निळी-काळी क्लिप, चिप न काढता तिच्या पायांना चिमट्यासारखी लावायची.

क्लिप लावली की कधी आयडी (चिपचा ओळख नंबर) येतो, कधी सगळं एफएफ एफएफ एफएफ. आयडी आल्यावर तीनदा वाचून बघितलं, तिन्ही फाइली वेगळ्या. क्लिपला रबर बँड गुंडाळला, वरून कात्री ठेवली, शेवटी बोटानं दाबून धरली. श्वास सोडला की घसरायलीय.

वर्षात ही तिसरी क्लिप. पहिलीचा दात वाकला, दुसरीची पट्टीवायर जोडातून सुटली. आता ती पोमोना कंपनीची ५२५० क्लिप घ्यावी म्हणतो, पण त्या एकीच्या पैशात इथल्या दहा तरी येतात. कुणी वापरलीय का? खरंच फरक पडतो की नुसतं नाव?

परभणीचे काका

क्लिप उचला आणि नाल्यात टाका.

ब्लॅक अँड व्हाइटच्या काळापासून टीव्ही दुरुस्त करतोय, आता सगळे एलईडीचे बोर्ड. २५क्यू३२, २५क्यू६४ रोज दोन-चार तरी काढतो. फ्लक्स लावायचा, आजूबाजूला कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी), हॉट एअर साडेतीनशेवर, अर्ध्या मिनिटात चिप चिमट्यात. सॉकेटमध्ये वाचायची, लिहायची, परत बसवायची. क्लिपशी कुस्ती खेळण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात तीन टीव्ही होतात.

जगात जर्मनी, देशात परभणी. ऐका आमचं.

वाळूज नाइटशिफ्ट

काकांना मान, पण प्रत्येकाचा हात काकांसारखा नसतो. लॅपटॉपच्या बोर्डावर चिपला चिकटून प्लास्टिकचे कनेक्टर असतात आणि कधी कधी चिप मदरबोर्डच्या उलट्या बाजूला असते. पहिल्याच कामात पॅड (पायाखालचा तांब्याचा ठिपका) उचलला गेला तर मग जंपर ओढत बसा.

मी वाळूजला गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या लाइनवर टेस्टिंगला आहे. दिवसाला शेकडो बोर्ड प्रोग्राम होतात, तिथं क्लिप नसते, स्प्रिंगच्या टाचण्यांचा फिक्श्चर असतो. म्हणून टोक, दाब आणि स्पर्श हाच माझा धंदा. भाऊ, तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत, सुटे करून सांगतो.

आधी माप. आठ पायांची एसओपी दोन रुंदीत येते. अंग ३.९ मिलिमीटरचं, ज्याला १५० मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणतात, आणि ५.३ मिलिमीटरचं, म्हणजे २०८ मिल. पायांमधलं अंतर दोन्हीत १.२७ मिलिमीटर, त्यामुळं डोळ्याला सारखीच वाटतात. बायोसच्या चिपा बहुतेक रुंदवाल्या, ईईप्रॉम (थोडीशीच माहिती साठवणाऱ्या लहान चिपा) बहुतेक अरुंद. स्वस्त क्लिपचा जबडा अरुंदवर घट्ट बसतो, रुंदवर मात्र दात पायाच्या वरच्या वाकणावर टेकतात, खालपर्यंत पोचतच नाहीत. घसरते ती त्यामुळं. चांगल्या क्लिपचा जबडा दोन्हीवर सरळ खाली उतरतो.

मग स्प्रिंग आणि दात. स्वस्तात दात पातळ पत्र्याचे, वर नावाला सोनेरी रंग. वीस-पंचवीस वेळा लावली की एक बाजू ढिली. तुमचा दात वाकला तो याच रोगानं. पोमोनात किंवा थ्रीएमच्या क्लिपमध्ये दात प्लास्टिकच्या खाचेत बसलेले असतात, बाजूला सरकायला जागाच नाही. फरक नावाचा नाही, त्या खाचेचा आहे.

आणि जोड. पोमोनाच्या डोक्यावर उभ्या पिना असतात, त्यांवर साधी जंपर वायर बसते. वायर खराब झाली तर वायर बदला, क्लिप तशीच. स्वस्तात पट्टीवायर दाबून बसवलेली असते, ती उघडली की क्लिप गेली.

घ्या असंच म्हणेन. पण थांबा, घेण्याआधी आहे ती क्लिप तपासा. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक दाताला, एक पट्टीवायरच्या शेवटाला, आणि वायर हलवा. आठही तारांवर बीप अखंड वाजला तर दोष क्लिपचा नाही.

बीडचा बॅकबेंचर

डिप्लोमाला आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर माफ करा. एफएफ म्हणजे चिप कोरी आहे असं नाही का? आणि क्लिप उलटी लावली तर चिप जळते का? मी एकदा लावलीय 😬

गोदाकाठ (नांदेड)

बॅकबेंचर, बाळबोध नाही, हाच प्रश्न पहिला विचारायला हवा. कोरी चिप एफएफ देते हे बरोबर, पण आयडीच्या जागी कोरी चिपसुद्धा स्वतःचं नाव सांगते. २५क्यू१२८ असेल तर ईएफ ४० १८, २५क्यू६४ ला ईएफ ४० १७, मॅक्रोनिक्सची १६ एमबीची असेल तर सी२ २० १८, गिगाडिव्हाइसची सी८ ४० १८. आयडीच एफएफ आला तर चिपचं म्हणणं प्रोग्रामरपर्यंत पोचलेलं नाही. बहुतेक वेळा दोन नंबरचा पाय सुटलेला. सगळं शून्य आलं तर वीज पोचत नाही किंवा कुठंतरी शॉर्ट आहे.

उलटी लावली तर आठ नंबरची वीज चार नंबरच्या ग्राउंडवर जाते. प्रोग्रामर गरम होतो, यूएसबी बंद पडते, चिप बऱ्याचदा वाचते. बऱ्याचदा म्हटलं, नेहमी नाही. चिपवरचा ठिपका म्हणजे एक नंबर, पट्टीवायरची लाल तार तिकडं.

पाय पाठच करून ठेव: १ सिलेक्ट, २ डेटा बाहेर, ३ राइट प्रोटेक्ट, ४ ग्राउंड, ५ डेटा आत, ६ क्लॉक, ७ होल्ड, ८ वीज. बहुतेकजण २, ५, ६ कडंच बघतात आणि सातवा विसरतात. सातव्याचा स्पर्श ढिला असेल तर होल्ड हवेत लोंबकळतो, चिप मध्येच गप्प होते आणि पुन्हा बोलायला लागते. फाइल पूर्ण येते, आतला मजकूर मात्र मधूनच सडका. हे मी जुन्या थिंकपॅड एक्स२३० वर स्वतः भोगलंय. त्यात दोन चिपा असतात, एक ८ एमबीची, एक ४ ची, आणि मी आठवडाभर दोन्हींना शिव्या देत होते.

गोलाईवाले भाऊ, तुमच्यासाठी एकच काम. क्लिप बोर्डावर लावलेली असताना आठ आणि चार नंबरच्या पायांवर मल्टिमीटर धरून व्होल्टेज सांगा. पायांवर धरा, प्रोग्रामरच्या पिनांवर नको.

गोलाईवाला

नाइटशिफ्ट, बीप बघितला. आठही तारा चांगल्या, कितीही हलवा.

ताई, व्होल्टेज घेतलं. क्लिप हवेत असताना ३.३. बोर्डावर लावली की २.३, कधी २.४. मीटर खराब आहे म्हणून शेजारच्या मोबाइलवाल्याचा आणला, तोही तेच सांगायलाय.

गोदाकाठ

सापडलं. या चिपला कमीत कमी २.७ व्होल्ट लागतात. तुमची २.३ वर वाचायलीय म्हणजे उपाशी माणसाला पोथी वाचायला बसवल्यासारखं.

आठ नंबरचा पाय एकट्या चिपचा नसतो. तो बोर्डाच्या ३.३ च्या रेषेला जोडलेला आहे आणि त्या रेषेवर चिपसेट, ईसी (कीबोर्ड-बॅटरी सांभाळणारी चिप), आणखी दहा भानगडी लटकलेल्या असतात. तुम्ही चिपला वीज देता, ती सगळा बोर्ड पितो. चिपसेट अर्धवट जागा होतो आणि तोही त्याच तारांवर बोलायला लागतो. आयडी तीन बाइटचा, म्हणून एखाद वेळी निसटून बरोबर येतो. पूर्ण फाइल मात्र १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ बाइटची, तिथं एक बिट हुकला तरी फाइल वेगळी.

पोमोना लावली असती तरी तेच झालं असतं. फक्त घसरली नसती.

परभणीचे काका

मग मी काय सांगत होतो? चिप काढली असती तर बोर्ड कशाला प्याला असता वीज? 😄

वाळूज नाइटशिफ्ट

काका, इथं तुम्ही बरोबर. बोर्ड वीज पीत असेल तर क्लिप कुठल्याही कंपनीची असो, हरणारच.

पण पूर्ण चिप काढायची गरज नाही. आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, चार्जर काढा, सीमॉसचा सेल (बोर्डावरचा बटणासारखा) काढा, रॅम आणि हार्डडिस्क काढा. काही बोर्डांवर एवढ्यानं व्होल्टेज वर येतं. काही बोर्डांवर आठव्या पायाकडं येणाऱ्या वाटेत डायोड असतो, तिथं मुळातच वीज मागं जात नाही, ते नशीबवान. नाहीच आलं तर फक्त आठवा पाय उचला. इस्त्रीचं टोक पायावर, खालून पातळ ब्लेडचं टोक, टिन वितळलं की केसभर वर. मग क्लिप लावा. वीज चिपलाच जाईल. काम झालं की पाय खाली दाबून टाका दिला की झालं. एका पायाला एक मिनिट.

जालन्याचा वेल्डर

इस्त्री = सोल्डरिंग आयर्न हे कळायला मला दोन वेळा वाचावं लागलं. आमच्याकडं इस्त्री म्हणजे कपड्याची. वाचतोय, चालू द्या.

गोलाईवाला

बॅटरी, सेल, रॅम, सगळं काढलं. २.३ चं २.६ झालं, वर जाईना. पाय उचलायला भीती वाटायलीय, उद्या सकाळी डोकं थंड असताना करतो. दुकान पत्र्याचं आहे, दुपारी हात नुसता घामानं चिप चिप.

अजून एक. नाइटशिफ्ट, समजा पाय उचलला, वीज बरोबर आली, तरी पाच-पन्नास कामांत ही क्लिप टिकेल का?

वाळूज नाइटशिफ्ट

टिकणार नाही. माझ्या हाताशी घरी एक स्वस्त आहे, एक चांगली. स्वस्त घरातल्या राउटरवर, सेट-टॉप बॉक्सवर प्रयोगाला. गिऱ्हाइकाच्या बोर्डाला चांगलीच. कारण सांगतो: वाचताना स्पर्श तुटला तर फाइल खराब, परत वाचा, विषय संपला. लिहिताना स्पर्श तुटला तर चिप अर्धी पुसलेली, अर्धी लिहिलेली. परत लिहिता येतं हे खरं, पण गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसलेलं असतं.

विकत घेताना नंबर बघा. आठ पायांची ५२५०, सोळा पायांची ५२५२. सोळावाल्या चिपेचे पाय वेगळे बरं का, तिथं वीज २ वर, ग्राउंड १० वर, सिलेक्ट ७ वर, क्लॉक १६ वर. आठच्या सवयीनं तारा लावू नका.

आणि बिनपायांची चिप दिसली, म्हणजे चौकोनी, कडेला पाय नाहीत, नुसते खाली चपटे पॅड, तर कुठलीच क्लिप चालत नाही. तिला स्प्रिंगच्या टाचण्यांचं प्रोब लागतं, ८ गुणिले ६ मिलिमीटरचं वेगळं आणि ६ गुणिले ५ चं वेगळं. ते हातानं दाबून धरायचं असतं. नाहीतर सरळ काकांचा हॉट एअर.

गोदाकाठ

क्लिपच्या गप्पांत प्रोग्रामर सुटायलाय. भाऊ, तुमचा काळा सीएच३४१ए आहे ना? त्याच्या सॉकेटवर वीज ३.३ ची येते पण डेटाच्या तारा ५ व्होल्टच्या असतात, कारण मूळ चिप यूएसबीच्या ५ वर चालते. ३.३ च्या चिपला तिच्या पायांवर पुरवठ्यापेक्षा अर्धा व्होल्ट जास्त आलेलंही मान्य नसतं. २५क्यू सहन करते म्हणून लोक वर्षानुवर्षं चालवतात. पण क्लिप बोर्डावर लावली की ते ५ व्होल्ट चिपसेटलाही जातात, आणि चिपसेट बदलण्यापेक्षा लॅपटॉप नवा घेतलेला बरा.

उपाय तीन. सीएच३४१ए चा २८ नंबरचा पाय उचलून ३.३ वर जोडायचा आणि ९ नंबरही तिथंच. किंवा व्होल्टेजचं बटण असलेला नवा बोर्ड घ्यायचा. किंवा रास्पबेरी पाय (छोटा एका बोर्डाचा संगणक) घ्यायचा. त्याच्या तारा मुळात ३.३ च्या, आणि फ्लॅशरॉममध्ये (चिप वाचायचं-लिहायचं सॉफ्टवेअर) वेग आपल्या हातात, ५१२ किलोहर्ट्झवर आणला की लांब तारेचीही कुरकुर कमी होते. मी रास्पबेरीच वापरते. १० सेंटिमीटरच्या जंपर वायरी, क्लिपच्या डोक्यावर आठ आणि चारमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. मांडणी दिसायला गबाळी आहे पण एकदा वाचलेलं परत वाचावं लागत नाही.

आणि चिपचा नंबर भिंग लावून वाचा. विनबॉण्डच्या नंबरात शेवटी एफडब्ल्यू, डीडब्ल्यू असेल, मॅक्रोनिक्समध्ये २५यू, गिगाडिव्हाइसमध्ये २५एलक्यू, तर ती १.८ व्होल्टची. तिला १.८ चा अडॅप्टर मध्ये घातल्याशिवाय क्लिप लावायचीच नाही.

बीडचा बॅकबेंचर

ताई, दोन वेळा वाचून फाइली सारख्या आल्या म्हणजे वाचन बरोबर, एवढं पुरे ना? आमच्या सरांनी तेच सांगितलंय.

गोदाकाठ

सरांचं अर्धं बरोबर. क्लिप न हलवता दोनदा वाचलं आणि एखादा पाय दोन्ही वेळा तसाच सुटलेला असला तर दोन्ही फाइली सारख्याच चुकीच्या येतात. दोनदा सगळं एफएफ वाचलं तरी फाइली सारख्याच की! म्हणून एकदा वाच, क्लिप काढ, पुन्हा लाव, मग वाच. तरी चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा) जुळला तर विश्वास ठेव.

शिवाय फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्राम) उघडून बघ. इंटेलच्या लॅपटॉपची पूर्ण चिप असेल तर सुरुवातीला, हेक्समध्ये १० नंबरच्या जागेपासून, ५ए ए५ एफ० ०एफ हे चार बाइट दिसले पाहिजेत. ते दिसले, पुढं कंपनीचं नाव, मॉडेल वाचता आलं, तर फाइल जिवंत आहे.

परभणीचे काका

ताई, हे चार बाइट वहीत लिहून घेतले. टीव्हीत चालत नाहीत पण लॅपटॉपवाला पुतण्या आहे.

एक मात्र माझ्याकडून घ्या. क्लिप लावण्याआधी पाय धुवा. चिपचे हो! बोर्डावर वार्निश असतं, जुना फ्लक्स असतो, आपल्याकडची धूळ तर विचारू नका. आयसोप्रोपिल आणि जुना टूथब्रश, पाय चकचकीत दिसेपर्यंत. वार्निश असेल तर टोकदार खोडरबरानं पायांची वरची बाजू घासा. निम्म्या वाईट क्लिपा याच्यानंच सुधारतात.

गोलाईवाला

मंडळी, झालं!

सकाळी सातला दुकान उघडलं, शेजारी कुणी नसताना. काकांच्या सांगण्यावरून पाय घासले, ताईंच्या सांगण्यावरून प्रोग्रामरला ३.३ चा जुगाड केला (२८ नंबर उचलताना घाम फुटला), मग बोर्डावरच्या चिपचा आठवा पाय उचलला. ब्लेड जरा जास्त घुसलं, पॅड वाचला. क्लिप लावली, मीटर ३.२८.

क्लिप काढून-लावून तीनदा वाचलं. तिन्ही फाइली सारख्या. ५ए ए५ एफ० ०एफ जागेवर. तीच तिसरी क्लिप, जिला मी आठवडाभर शिव्या देत होतो. रबर बँड मात्र ठेवलाय.

लिहायला काय घ्यावं? नेटवर याच मॉडेलची एक फाइल सापडलीय, ती मारू का?

गोदाकाठ

नको! दुसऱ्याच्या डंपमध्ये (चिपमधून वाचलेल्या फाइलमध्ये) दुसऱ्याचा सिरीयल नंबर, दुसऱ्याची विंडोजची की आणि काही बोर्डांवर नेटवर्कचा मॅक पत्तासुद्धा असतो. कंपनीच्या साइटवरची अपडेट फाइल घ्या, तिच्यातला बायोसचा भाग काढा आणि तुमच्या वाचलेल्या फाइलमध्ये बसवा. सिरीयल आणि की ज्या भागात आहेत तो तुमचाच ठेवा. मूळ वाचलेली फाइल पेन ड्राइव्हवर आणि मेलवर, दोन्हीकडं. पुढं काही बिघडलं तर परत यायला तीच एक वाट आहे.

वाळूज नाइटशिफ्ट

आणि लिहून झालं की व्हेरिफाय. मग क्लिप काढून पुन्हा लावून एकदा वाचा आणि लिहिलेल्या फाइलशी ताडून बघा. नंतरच आठवा पाय खाली.

गोलाईवाला

दुपारी चार वाजले त्या जोडाजोडीत, पण कंपनीचा लोगो आला स्क्रीनवर. पोराला फोन केला, तो औशाहून एसटीनं निघालाय.

क्लिपचं म्हणाल तर पुढच्या आठवड्यात मेव्हणा मुंबईला जायलाय, लातूर-मुंबई एक्स्प्रेसनं, त्याला लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, बघायला सांगतो. ५२५० लिहून चिठ्ठी दिलीय, कारण मागं त्याला सोल्डरिंग वायर सांगितली तर लाइटची वायर घेऊन आला होता.

परभणीचे काका

मेव्हण्याला दोन आणायला सांग. एक मला. हसू नका कुणी, वॉल माउंटचा टीव्ही गिऱ्हाइकाच्या घरी खोलावा लागतो तेव्हा हॉट एअर कुठं घेऊन जाऊ?